पाण्यावरची रेघ

आमच्या गावाचे नाव मच्छे. परगावी ओळख करून दिली की समोरचा गृहस्थ हमखास हसतो आणि विचारतो, "म्हणजे समुद्राकाठी का हो?" समुद्राशी आमचा रोजचा संबंध एवढाच, की बेळगावच्या बाजारातून येणारा बांगडा मालवण-वेंगुर्ल्याकडचा नाहीतर गोव्याचा असतो. बाकी चहूकडे भाताची शिवारे, खानापूरकडे जाणारा रस्ता आणि अलीकडची औद्योगिक वसाहत.

तरीही इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एवढ्यावर थांबवत नाही. रेल्वे येण्यापूर्वी बेळगावची समुद्राकडची वाट वेंगुर्ले बंदराची होती. आधी रामघाटाने बैलांचे तांडे चढत-उतरत, पुढे आंबोलीचा घाटरस्ता झाल्यावर गाड्या धावू लागल्या. मीठ, नारळ आणि सुकी मासळी त्याच वाटेने घाटावर आली आणि कोकणातली कितीतरी घराणीही तिच वाट चढून आपल्या भागात स्थिरावली. आपल्या घरांतून आजही गणपतीला सावंतवाडी-मालवणकडे जाणारी माणसे आहेत. म्हणून मालवणच्या पाण्यात काय घडले, याची चौकशी करणे मला परक्याच्या घरात डोकावण्यासारखे वाटत नाही.

या चौकशीला निमित्त झाले ते शाळेच्या सहलीचे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात नववीच्या मुलांना घेऊन आम्ही मालवणला गेलो होतो. धक्क्यावर होडीची वाट पाहत उभे असताना एका मुलाने विचारले, "सर, इथे अभयारण्य आहे असे पुस्तकात आहे. अरण्य म्हणजे झाडे ना? मग झाडे कुठे आहेत?" मी उत्तर जुळवतो आहे तोवर आमचा म्हातारा नावाडी वल्ह्यावरचा हात न काढता म्हणाला, "रेघ आसा रे झिला, पण ती पाण्यावरची. सरकाराक दिसता, आमकां दिसणा नाय."

मुले हसली. मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना.

किल्ला आणि त्याचे वाटाडे

आम्ही ज्या किल्ल्याकडे निघालो होतो, तो सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा म्हणून खडक आहे, तिथे मुहूर्ताची पूजा झाली आणि समोरच्या कुरटे बेटावर काम सुरू झाले. 1667 पर्यंत किल्ला उभा राहिला. तटाच्या पायात शिसे ओतले, हे आपण सर्वजण शाळेत शिकतो आणि शिकवतो. पण त्या तटाइतकेच दुसरे एक संरक्षण किल्ल्याला होते, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकांची रांग आहे. ओहोटीला काही माथे दिसतात, भरतीला सगळे लपते. त्यांतून जाणारी वाट ज्याला ठाऊक नाही, त्या गलबताचा तळ फुटलाच म्हणून समजावे.

ही वाट ठाऊक कोणाला होती? तिथे पिढ्यान्पिढ्या जाळी टाकणाऱ्या गाबीत आणि कोळी मंडळींना. महाराजांना ही जागा दाखवण्यात आणि तिचे खडक, प्रवाह समजावून देण्यात मालवणच्या दर्यावर्दी माणसांचा हात होता आणि त्यांना त्याबद्दल इनामे मिळाली, असे तिथली परंपरा सांगते. परंपरा बाजूला ठेवली तरी मराठ्यांच्या आरमारावर कोळी, भंडारी, गाबीत आणि दालदी यांचीच माणसे मोठ्या संख्येने होती, याबद्दल वाद नाही. राजाराम महाराजांच्या काळात किल्ल्यावर शिवराजेश्वराचे मंदिर झाले. त्यातील महाराजांच्या मूर्तीच्या डोक्यावरचे शिरोभूषण कोळ्याच्या टोपीसारखे आहे. मुलांना मी ते मुद्दाम दाखवले. सतराव्या शतकातील राज्यकर्त्याला समुद्राचे काम करायचे होते, तेव्हा त्याने समुद्राच्या माणसांना बरोबर घेतले होते.

दोराला हात आणि वाटा

या माणसांचे समुद्राशी नाते कसे होते, ते रापणीवरून कळते. आपल्या भागात हा शब्द फारसा ऐकू येत नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. त्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवतात. होडी दुसरे टोक घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ घालते आणि काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना वाडीतील माणसे उभी राहतात आणि जाळे हळूहळू ओढून घेतात. बांगडा, तारली, पेडवे असे किनाऱ्याजवळ थव्याने येणारे मासे त्यात सापडतात.

त्याची वाटणी पाहण्यासारखी असते. होडीचा वाटा वेगळा, जाळ्याचा वेगळा आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा. दोराला हात लावणारा म्हातारा असो की पोरगा, तो रिकाम्या हाताने परतत नाही. घरातला कर्ता पुरुष समुद्रात गेलेल्या बाईची चूल अशा वाट्यावर पेटत राहिली आहे. पावसाळ्यात समुद्र बंद आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून तो पुन्हा उघडायचा, हा नेमही त्यातलाच. त्याला कोणी संवर्धन म्हणत नव्हते. पण मासा अंडी घालतो त्या दिवसांत त्याला सोडून द्यायचे, एवढी अक्कल त्या नेमात होती. सरकारने पुढे यांत्रिक नौकांसाठी पावसाळी बंदी घातली, ती आता 1 जून ते 31 जुलै अशी असते. ती बंदी या जुन्या नेमाचीच धाकटी बहीण आहे.

1987 ची अधिसूचना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांत्रिक नौका आल्या आणि तळ खरवडणारी ट्रॉलची जाळी आली. किनाऱ्यालगतचा मासा मोठ्या नौका नेऊ लागल्यावर रापणकर आणि ट्रॉलरवाले यांच्यात समुद्रातच मारामाऱ्या होऊ लागल्या. त्यातून 1981 चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. म्हणजे समुद्राला नियम हवेत, ही मागणी आधी केली ती लहान मच्छीमारांनीच. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे त्यांच्यावर 'संवर्धनाचे विरोधक' असा शिक्का बसला.

त्याच सुमारास देशात सागरी अभयारण्यांचा विचार मूळ धरत होता. कच्छच्या आखातात 1980 नंतर आणि मन्नारच्या आखातात 1986 मध्ये समुद्राचे पट्टे संरक्षित झाले. 13 एप्रिल 1987 रोजी महाराष्ट्र सरकारने वन्यजीव कायद्याखाली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित केले. क्षेत्र सुमारे 29.12 चौरस किलोमीटर. त्यात सिंधुदुर्ग आणि पद्मगडाभोवतालचा 3.18 चौरस किलोमीटरचा भाग गाभा आणि उरलेला 25.94 चौरस किलोमीटर भोवतालचे क्षेत्र. महाराष्ट्रातले हे पहिले सागरी अभयारण्य.

ते करण्यामागचा हेतू खोटा नव्हता. मालवणच्या खडकांवर प्रवाळ आहेत. महाराष्ट्राच्या गढूळ किनाऱ्यावर ही दुर्मीळ गोष्ट आहे. प्रवाळाच्या फटींतून माशांची पिल्ले वाढतात, म्हणजे मच्छीमाराचे बियाणेच तिथे आहे. पण आम्हाला न विचारता ही रेघ आमच्या दारातच मारली, अशी मच्छीमारांची तक्रार होती. नकाशा पाहिला तर तिचे कारण कळते. भोवतालच्या क्षेत्राची हद्द मालवण बंदराजवळ किनाऱ्यापासून अवघ्या पन्नास मीटरवर सुरू होते. सकाळी होडी पाण्यात ढकलली की माणूस अभयारण्यात. वन्यजीव कायदा वाघाच्या जंगलासाठी लिहिलेला. त्यातील कलमे जाळ्याला लावली तर उद्या आपण शिकारी ठरू, ही भीती घराघरांत शिरली. मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली. परिणाम असा झाला की अभयारण्य कागदावर राहिले आणि मासेमारी पाण्यावर चालू राहिली. प्रवाळाला संरक्षण मिळाले नाही आणि मच्छीमाराला स्वस्थताही मिळाली नाही.

आता यातली खेदाची गोष्ट सांगतो. 1991 मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि 26-अ हे कलम आले. समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर त्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्यासाठी पुरेसे उपाय आधी केले पाहिजेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. जे मालवणचे लोक ओरडून सांगत होते, ते कायद्याने मान्य केले. पण मालवणची रेघ मारून तोवर चार वर्षे झाली होती.

माळावरचे कुंपण

दुसऱ्याचे दोष दाखवताना स्वतःचा एक सांगितला पाहिजे. मुख्याध्यापक झालो त्या पहिल्या वर्षी शाळेमागच्या माळावर मी मुलांकडून दीडशे रोपे लावून घेतली आणि चारी बाजूंनी काटेरी तार ओढली. समारंभ झाला, फोटो निघाले. महिन्याभरात तार तीन ठिकाणी तुटली आणि शेळ्यांनी निम्मी रोपे फस्त केली. मी संतापलो. तार पुन्हा बांधली, ती पुन्हा तुटली. शेवटी शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्या धनगराला शाळेत बोलावून चांगलाच दम भरला. त्याने ऐकून घेतले आणि शांतपणे कन्नडमध्ये एवढेच म्हणाला, "दारि बिड्री, सर." वाट सोडा.

मी त्याच्याबरोबर माळावर गेलो. तलावाकडे पाण्यावर जाणारी जनावरांची जुनी वाट माझ्या कुंपणाने बरोबर मधोमध कापली होती. गावातल्या कोणालाही विचारले असते तर त्याने सांगितले असते. मी विचारलेच नव्हते. आम्ही तार हलवून वाट मोकळी केली. पुढच्या वर्षी लावलेली रोपे टिकली आणि त्यांवर लक्ष ठेवले ते त्याच म्हाताऱ्याने. मालवणच्या नावाड्याचे वाक्य माझ्या मनात का रुतले, ते आता वाचकांच्या ध्यानात येईल.

दोन स्तंभांचा करार

जगात याहून निराळे कुठे झाले आहे काय, याचा शोध घेताना मला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक हकीकत सापडली. तिथल्या बेटांवर हैदा नावाचे मूळनिवासी लोक हजारो वर्षे राहतात. बेटांवरची जुनी झाडे कंपन्या तोडत होत्या. 1985 मध्ये हैदांनी रस्ता अडवला आणि बहात्तर जणांना अटक झाली. त्या अटकेत वृद्ध स्त्री-पुरुषही होते. वाटाघाटी लांबल्या आणि 1993 मध्ये कॅनडा सरकार व हैदा यांच्यात ग्वाय हानास या भागाबद्दल करार झाला.

त्या करारात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मी कागद खाली ठेवला. ही भूमी कोणाची, यावर तेव्हा दोघांचे एकमत नव्हते. मग त्यांनी काय केले? एका बाजूच्या स्तंभात हैदांनी आपले म्हणणे लिहिले, की भूमी आमची. शेजारच्या स्तंभात सरकारने आपले लिहिले, की मालकी राज्याची. आणि खाली दोघांनी मिळून लिहिले, की वाद आहे तसा राहो, पण हा प्रदेश जपला पाहिजे यावर आमचे एकमत आहे आणि तो आपण मिळून जपू. कारभारासाठी मंडळ नेमले. त्यात दोन्ही बाजूंचे सदस्य सारख्याच संख्येने आणि निर्णय एकमताने. 2010 मध्ये भोवतालचा समुद्रही या व्यवस्थेत आला. सीमाभागात राहणाऱ्या, दोन भाषांच्या पाट्यांखालून रोज जाणाऱ्या वाचकाला हे वाचून काय वाटेल, ते मी सांगायची गरज नाही.

फिलिपिन्समधील आपो या छोट्या बेटावर 1982 मध्ये गावकऱ्यांनी विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने प्रवाळाचा एक तुकडा स्वतःच बंद केला आणि राखणही स्वतःच केली. काही वर्षांत आजूबाजूला मासा वाढला. म्हणजे मासेमारी बंद ठेवायला मच्छीमार तयार होत नाही, हे म्हणणे खरे नाही. कुलूप कोणी लावले आणि किल्ली कोणाकडे आहे, यावर ते अवलंबून असते.

आपल्या किनाऱ्यावर उगवलेले

आपल्याकडेही असे काही उगवले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात 2002 मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने ग्रामस्थांबरोबर सागरी कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. पूर्वी ही अंडी खाल्ली वा विकली जात. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुणे उतरू लागले आणि आमटी-भाताच्या पंगतीतून गावात चार पैसे आले. घरटे शोधणारा माणूस गावचाच, कारण वाळूवरची कासवाची चाल त्यालाच ओळखता येते.

सिंधुदुर्गात 2012 नंतरच्या पाच-सहा वर्षांत संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सागरी जैवविविधतेचा प्रकल्प झाला. त्यात अधिकाऱ्यांनी आधी बंदीची भाषा न करता उपजीविकेची केली. लहान मासळी निसटून जावी म्हणून चौकोनी आसाची जाळी दिली. बायकांचे गट खेकडे आणि कालवे वाढवू लागले. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत 'स्वामिनी' या महिला गटाने पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवायला सुरुवात केली. त्या बायका स्वतः वल्हे मारतात आणि कांदळाची मुळे श्वास कसा घेतात ते सांगतात. 2018 च्या अखेरीस सरकारने आणखी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. कासवासारखा संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि त्याला सोडण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्याला 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. हजारो रुपयांचे जाळे स्वतःच्या हाताने कापायचे, तर त्याचा भार एकट्याच्या डोक्यावर का? हा प्रश्न कोणीतरी शेवटी विचारला.

लोक म्हणजे कोण?

मात्र याचा अर्थ मच्छीमार तेवढा साधू आणि सरकार तेवढे खलनायक, असा घेऊ नये. प्रवाळाच्या डोक्यावर नांगर टाकून पर्यटकांना पाणी दाखवणाऱ्या होड्या गावच्याच होत्या. माशांच्या थव्याला वेढा घालून खालून पिशवीसारखे आवळणारे पर्ससीनचे जाळे आले, तेव्हा रापणकराच्या समोर उभा राहिलेला माणूस कित्येकदा त्याच्याच किनाऱ्यावरचा होता. त्या जाळ्यावर 5 फेब्रुवारी 2016 रोजी निर्बंध आले, तेही पारंपरिक मच्छीमारांनी अनेक वर्षे लढा दिल्यावर. 'लोकसहभाग' हा शब्द सभेत सोपा असतो. पण कोणते लोक, हे विचारले की तो कठीण होतो. रापणीचा दोर ओढणारा, पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकणारी आणि चार नौकांचा मालक, या तिघांचे हित एक नाही. बैठकीला बोलावणे सहसा तिसऱ्यालाच जाते.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक अडचण आहे. गाबीत समाज अनुसूचित जमातींच्या यादीत नाही, त्यामुळे आदिवासींसाठी असलेली कवचे त्याला लागू नाहीत. समुद्राला सात-बारा नसतो. पिढ्यान्पिढ्यांची वहिवाट आहे, पण ती कोणत्याही दप्तरात नाही. 2002 च्या दुरुस्तीने अभयारण्यासाठी सल्लागार समिती आली आणि तीत पंचायत संस्थांच्या तीन प्रतिनिधींना जागा मिळाली. हे एक पाऊल खरेच. पण सल्ला देणे आणि निर्णयात वाटा असणे यांत अंतर आहे. रापणीच्या भाषेत सांगायचे तर, दोर ओढायला बोलावले आणि वाटणीच्या वेळी घरी पाठवले, असे त्याचे होऊ नये.

हे सगळे आता घाईने ठरवावे लागेल, कारण समुद्र थांबलेला नाही. पाणी तापू लागले आहे. 2010 नंतरच्या दशकात मालवणच्या प्रवाळांचा रंग उडू लागल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले. त्यांची यंत्रे तापमान मोजतात. पण कोणत्या खडकाजवळ मासा पूर्वी होता आणि आता नाही, हे सांगणारी माणसे मालवणच्या दांडीवर आणि देवबागेत बसली आहेत. ती म्हातारी होत आहेत आणि त्यांची मुले मुंबईची गाडी धरत आहेत. ती माणसे गेली की ती माहितीही गेली. तिचे दप्तर कोठेही नाही.

सहलीच्या त्या दिवशी परतताना भरती लागली होती. खडक सगळे पाण्याखाली गेले होते. नावाडी उभा राहून होडी कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळवत होता. आम्हाला सगळीकडे सारखेच पाणी दिसत होते. ज्या मुलाने झाडांबद्दल विचारले होते, तो त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, खडक कुठे आहेत ते तुम्हाला कसे कळते?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिले. इतका वेळ पाठ करून बोलणारा तो माणूस पहिल्यांदाच वल्हे थांबवून नीट वळला आणि बोटाने दाखवत एकेका खडकाचे नाव सांगू लागला. धक्का येईपर्यंत तो सांगतच होता. मुलाने वही काढून नावे लिहून घेतली. ती वही मी शाळेच्या कपाटात ठेवली आहे.